स्पर्धेतला रेटेड डाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेत (जिथल्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, ठरतं) उतरणारे खेळाडू आणि त्यांच्यासोबत आलेले पालक हॉलच्या दाराशी जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. नियमांची उत्तरं फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांना धरून आहेत. मतं आहेत ती माझी. एक गोष्ट आधीच सांगतो. या डावाचा जवळजवळ प्रत्येक नियम दोन माणसांना तीन-चार तास निर्धास्तपणे विचार करता यावा, एवढ्यासाठी केलेला आहे. नियम या नजरेने वाचला की पाठ करावा लागत नाही.

घरी खेळतो त्यापेक्षा रेटेड डाव वेगळा कसा?

पट तोच, मोहरे तेच. फरक इतकाच की घड्याळ असतं, चाली लिहाव्या लागतात, वाद झाला तर पंच असतात आणि निकाल फिडेकडे जातो. फिडेची स्थापना १९२४ साली पॅरिसमध्ये झाली. क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ अशी तीन वेगवेगळी रेटिंग असतात. प्रत्येकी १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळाचा डाव ब्लिट्झ, १० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी मिनिटांचा डाव रॅपिड, त्यापुढचा क्लासिकल. या पानावरची उत्तरं मुख्यतः क्लासिकल डावाची आहेत.

दोघांनीही किमान एकेक चाल केली असेल तरच डाव रेटिंगसाठी धरला जातो. समोरचा आलाच नाही तर गुण मिळतो, पण रेटिंग जागचं हलत नाही.

रेटिंगचा आकडा नेमकं काय सांगतो?

तो अंदाज सांगतो. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी बसवलेली ही पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून ती सांगते की असे बरेच डाव झाले तर कोणाच्या वाट्याला साधारण किती गुण येतील (विजयाला १, बरोबरीला अर्धा). फरक शून्य असेल तर निम्मे-निम्मे. १०० चा फरक असेल तर वरच्या खेळाडूला डावामागे सरासरी ०.६४ गुण, २०० चा असेल तर ०.७६, ३०० चा असेल तर ०.८५.

हा ०.७६ नीट बघा. २०० ने मोठा खेळाडूसुद्धा चार डावांत साधारण एक गुण समोरच्याला देऊन जातो, आणि हे खुद्द त्याच्या रेटिंगचंच म्हणणं आहे. पेअरिंग, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी याची यादी, लागलं की पालकांचा चेहरा उतरतो, तेव्हा मी त्यांना हाच आकडा दाखवतो.

मोठ्या रेटिंगवाल्याला हरवलं तर किती वाढतं? हरलो तर किती जातं?

सूत्र सोपं आहे. मिळालेल्या गुणातून अपेक्षित गुण वजा करायचा आणि उरलेल्याला के-फॅक्टरने, म्हणजे रेटिंग किती वेगाने बदलेल ते ठरवणाऱ्या आकड्याने, गुणायचं.

समजा तुम्ही १६५० आणि समोरचा १८५०. फरक २००, म्हणजे तुमचा अपेक्षित गुण ०.२४. तुमचा के २० असेल तर जिंकल्यावर १५.२ वाढतात, बरोबरी झाली तर ५.२ वाढतात आणि हरलात तर ४.८ जातात. समोरच्याचाही के २० असेल तर त्याला हेच आकडे उलटे लागतात. तो हरला तर १५.२ गमावतो आणि जिंकला तर जेमतेम ४.८ कमावतो. म्हणून या डावात खरी ओढाताण त्याची असते.

नव्या खेळाडूचा के पहिले ३० डाव पूर्ण होईपर्यंत ४० असतो. मुलांसाठीही तो ४० च असतो, १८ वा वाढदिवस ज्या वर्षी येतो त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, पण रेटिंग २३०० च्या खाली असेल तोवरच. बाकीच्यांना २०, आणि एकदा २४०० गाठलं की १०. वरच्या उदाहरणातली १६५० ची खेळाडू बारा वर्षांची असेल, तर विजयाने तिचे ३०.४ वाढतात. मुलांचे आकडे झपाट्याने वर-खाली होतात ते यामुळे. एका स्पर्धेत ६० गेले म्हणून घरी सुतक पाळायचं कारण नाही. पुढची यादी महिन्याभरात येतेच.

ज्याला रेटिंगच नाही, त्याला ते मिळतं कसं?

रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव व्हायला लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. निकालांबरोबर १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी झाली असं धरून हिशेब होतो, आणि आकडा १४०० किंवा त्याहून वर आला तरच यादीत नाव लागतं. हे दोन्ही बदल १ मार्च २०२४ पासूनचे. त्याच दिवशी २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं गेलं. २००० ला जितके कमी पडत होते त्याचे ४० टक्के मिळाले, म्हणजे १५०० चा खेळाडू १७०० झाला. जुन्या स्पर्धांचे तक्ते आजच्या आकड्यांशी ताडताना हे ध्यानात ठेवा.

पहिल्याच फेरीत एवढा तगडा खेळाडू का आला?

स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला सगळ्यांना रेटिंगच्या क्रमाने लावून यादीचे दोन भाग करतात. वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. पुढच्या फेऱ्यांत सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात, त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा गाठ पडत नाही आणि रंग शक्यतो आलटून-पालटून मिळतात. पहिली फेरी एकतर्फी वाटते, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून समोर येणारा माणूस बहुधा तुमच्याच तोलाचा असतो.

९० मिनिटं अधिक ३० सेकंद म्हणजे डाव किती वेळ चालतो?

प्रत्येकाला ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. ६० चालींचा डाव झाला तर एकेकाला एकूण १२० मिनिटं मिळाली, म्हणजे दोघांचे मिळून चार तास. डबा आणि पाणी त्या हिशेबाने ठेवा.

वेळ वापरायची कशी, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा स्वतःच्या स्कोअरशीटवरून, म्हणजे चाली लिहायच्या कागदावरून, कळतं. दर पाच चालींनी घड्याळातला उरलेला वेळ चालीशेजारी बारीक अक्षरात लिहा. मी काही महिने हे केलं आणि कळलं की माझी पंचवीस मिनिटं एकाच जागी जात होती, ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) संपल्यावर, दोन बऱ्या चालींतली कुठली निवडू या विचारात. दोन्ही बऱ्या होत्या! तोच वेळ तिसाव्या चालीला हवा होता, तेव्हा उरायचा नाही.

उशीर झाला तर?

किती उशीर चालेल ते स्पर्धेच्या नियमांत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर सवलत शून्य, म्हणजे फेरी सुरू होताना खुर्चीवर नसाल तर डाव गेला.

मोहऱ्याला हात लागला. खेळायलाच हवा?

खेळायच्या इराद्याने हात लावला असेल तर हो. आपल्या मोहऱ्याला लावला तर तोच खेळायचा, समोरच्याच्या मोहऱ्याला लावला तर तोच मारायचा. नियमात बसणारी अशी एकही चाल नसेल तरच सुटका. मोहरा घरावर ठेवून बोटं सुटली की ती चाल बदलता येत नाही. मोहरा नुसता सरळ करायचा असेल तर आपल्या चालीच्या वेळी, आधी ‘अॅडजस्ट’ म्हणून मगच हात लावायचा. आधी हात आणि मग शब्द चालत नाही.

कॅसलिंगमध्ये, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवताना, बरेच जण इथेच फसतात. आधी राजा उचलायचा, मग हत्ती. आधी हत्तीला हात लावलात तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीत मिळत नाही आणि हत्तीच हलवावा लागतो.

समोरच्याने हात लावून दुसराच मोहरा खेळला तर भांडू नका, घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. पण लगेच. तुम्ही तुमची चाल खेळायला मोहऱ्याला हात लावलात की तक्रारीचा हक्क संपतो.

हा नियम लहान मुलांना निर्दय वाटतो. मी एका मुलाला पाहिलं आहे. उंटाच्या टोकाला बोट टेकलं आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की उंट हलला तर वजीर जातो. हात तसाच हवेत. समोरची मुलगी काहीच बोलली नाही, पंचही लांब होते. त्याने अर्धा मिनिट पटाकडे बघितलं आणि उंटच उचलला. डाव तो हरला. पुढची फेरी सुरू व्हायच्या आधी तीच मुलगी त्याच्याशेजारी येऊन बसली होती.

नियमात न बसणारी चाल झाली तर डाव जातो का?

पहिल्यांदा झाली तर समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात आणि चाल दुरुस्त करून डाव पुढे चालतो. दुसऱ्यांदा झाली तर हार, फक्त समोरच्याकडे कुठल्याही मार्गाने मात करण्याइतके मोहरे नसतील तर बरोबरी. घड्याळ दाबलं की चूक पूर्ण झाली असं धरतात, त्याआधी लक्षात आली तर सुधारता येते.

चुकीची चाल म्हणजे केवळ राजा शहात सोडणं नव्हे. एकाच चालीला दोन्ही हात वापरून घड्याळ दाबणं हेही त्यातच येतं. कॅसलिंग करताना आणि मोहरा मारताना मुलं हमखास दोन्ही हात घालतात. प्यादं शेवटच्या घरात ठेवून, त्याच्या जागी नवा मोहरा न ठेवता घड्याळ दाबणं हीसुद्धा चूकच. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागा, तो तुमचा हक्क आहे. हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणू नका. उलटा हत्ती हत्तीच धरला जातो.

प्रत्येक चाल लिहायलाच हवी?

दर चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत. अशी भर मिळत नसेल तर वेळ पाच मिनिटांच्या खाली गेल्यावर लिहिणं थांबवता येतं. आधी खेळायचं, मग लिहायचं. चाल आधी लिहून मग विचार करत बसणं नियमात बसत नाही. बरोबरीचा दावा करताना मात्र आधी लिहावं लागतं. ते पुढच्याच उत्तरात येतं.

तीच स्थिती तीनदा आली. बरोबरी आपोआप होते का?

नाही. या प्रश्नाने जितके अर्धे गुण बुडवले असतील तितके दुसऱ्या कशाने बुडवले नसतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्यांदा आलेल्या स्थितीवर दावा करावा लागतो. स्थिती सलग यायला हवी असं नाही. मोहरे त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची आणि शक्य असलेल्या चाली त्याच (कॅसलिंगचे हक्कसुद्धा), एवढं जुळलं पाहिजे. तुमच्या चालीने ती स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल खेळायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना सांगायचं की ही चाल खेळणार आहे आणि बरोबरीचा दावा करतो आहे. पंच शीटवरून स्थिती तपासतात. दावा बरोबर निघाला तर डाव तिथेच संपतो. चुकीचा निघाला तर समोरच्याला २ मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. लिहायच्या आधी मोहऱ्याला हात लावलात तर त्या चालीपुरता दाव्याचा हक्क गेला.

माझा एक डाव असाच गेला. एक प्यादं कमी होतं, हत्तीने शह देत राजाला दोन घरांत फिरवत होतो. तिसरा शह दिला, घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. पंच आले, घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “आता चाल त्यांची आहे.” समोरच्याने राजा तिसऱ्याच घरात नेला आणि तिथून शह उरले नाहीत. पंचांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून पुनरावृत्ती सुरू झाली की मी दोन्ही हात मांडीखाली घेतो आणि आधी पेन उचलतो.

प्यादं न हलता, काहीही न मारता दोघांच्या ५० चाली झाल्या तरी असाच दावा करता येतो. तीच स्थिती पाचदा आली किंवा अशा ७५ चाली झाल्या तर दाव्याची गरज नाही, डाव बरोबरीत संपतो.

बरोबरी विचारायची कशी आणि केव्हा?

आपली चाल करायची, विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. एकदा नाही म्हटल्यावर दर दोन चालींनी विचारणं हा त्रास देण्याचाच प्रकार धरला जातो. काही स्पर्धांत ठरावीक चालींच्या आत आपसांत बरोबरी करायला बंदी असते, ते आधी वाचून घ्या.

वेळ संपला की हार नक्की?

बहुधा हो. समोरच्याकडे कुठल्याही मार्गाने मात करण्याइतके मोहरेच उरले नसतील, उदाहरणार्थ नुसता राजा असेल, तर बरोबरी.

मोबाइल बंद करून खिशात ठेवला तर?

नको. अंगावर सापडला तर डाव गेला. स्पर्धेच्या नियमांत मुभा असेल तर पूर्ण बंद करून बॅगेत ठेवता येतो, पण त्या बॅगेला डाव चालू असताना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. बाहेर पालकांकडे देऊन येणं सगळ्यात बरं. आणि पालकांनो, पटावर काही चुकीचं घडताना दिसलं तर ते फक्त पंचांना सांगायचं. मुलाकडे बघून भुवई उंचावणंसुद्धा मदतच होते.

आपल्यापेक्षा २००-३०० ने मोठ्या खेळाडूशी कसं खेळावं?

नेहमी खेळता तसंच. दोन चुका सगळे करतात. एक म्हणजे घाबरून सगळे मोहरे मारामारीत संपवून बरोबरी गाठायला बघणं. मोठा खेळाडू एंडगेममध्येच, म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यातच, सर्वात मोठा असतो, त्याला तिथे स्वतःहून नेऊन सोडू नका. दुसरी म्हणजे आज काहीतरी अचाट करून दाखवतो म्हणून कधी न खेळलेली ओपनिंग काढणं. तुम्हाला पाठ असलेली, ज्यात प्याद्यांची रचना ओळखीची आहे अशी स्थिती आणा आणि त्याला विचार करायला लावा. पेअरिंग कळल्यावर त्याचे जुने डाव बघितलेत तरी अर्ध्या तासावर बघू नका. झोप जास्त उपयोगी पडते.

बरोबरीचा डाव हातातून जातोच कसा?

जगज्जेतेपदाच्या सामन्यातही जातो. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांचा चौदावा आणि शेवटचा क्लासिकल डाव. गुण ६.५-६.५. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. काळ्याने खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त. उंट आणि हत्ती पटावर असेपर्यंत पांढऱ्याला हा डाव धरून ठेवता येत होता. पण डिंगचा उंट ए८ वर, पटाच्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी रेघ असते.

५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची अदलाबदल पुढे केली. गुकेशने हत्ती मारला, राजाने परत मारल्यावर उंट डी५ वर ठेवला. आता ए८ च्या उंटाला त्या एकुलत्या एका रेघेवर कुठेही जा, समोर काळा उंटच. अदलाबदल टळत नाही. उंट गेले की उरतात दोन राजे, काळ्याची दोन प्यादी, पांढऱ्याचं एक, आणि तो शेवट काळा जिंकतो. ५८ व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला आणि गुकेश १८ व्या वर्षी जगज्जेता झाला.

चार तासांनी डोकं थकलेलं असतं आणि मोहरे कमी करून मोकळं व्हावंसं वाटतं. म्हणून शेवटचा मोहरा मारण्याआधी एकच गोष्ट करा: सगळे मोहरे गेलेत असं समजून फक्त राजे आणि प्यादी डोळ्यांसमोर आणा आणि चाली मोजा.

डाव केव्हा सोडावा?

समोरचा कसा जिंकणार हे तुम्हाला स्वतःला चाल-दर-चाल दिसत असेल आणि त्यालाही ते येतं याची खात्री असेल तेव्हा. शिकाऊ खेळाडूंनी मात व्हायच्या आधी सोडूच नये, असं माझं मत आहे. त्या वयात स्टेलमेटने (शह नाही पण खेळायला एकही चाल नाही, म्हणून बरोबरी) वाचलेले कितीतरी डाव मी बघितले आहेत.

डाव संपल्यावर काय करायचं?

हस्तांदोलन, घड्याळ थांबवणं, दोन्ही शीटांवर निकाल आणि दोघांच्या सह्या. सही करण्याआधी निकाल वाचा. घाईत १-० च्या जागी ०-१ लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि सही झाल्यावर तो निस्तरणं अवघड जातं. शेवटी मोहरे पुन्हा मांडून ठेवायचे.

आणि मग, समोरचा तयार असेल तर, दोघांनी मिळून हॉलबाहेर तोच डाव पुन्हा मांडायचा. इंजिन (चाली शोधून देणारा संगणकाचा प्रोग्राम) उघडण्याआधी. इंजिन चाल सांगतं, पण समोरच्याच्या मनात काय होतं ते फक्त तोच सांगू शकतो.

माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या रेटिंगच्या एका गृहस्थांशी माझा डाव बरोबरीत सुटला होता. बाहेर आल्यावर त्यांनी मोहरे मागे नेत बाविसाव्या चालीपर्यंत आणले. त्या चालीला मी दहा मिनिटं घालवली होती, सी-फाइलवरचं (सी या उभ्या रांगेतलं) प्यादं कसं वाचवू याच्या विचारात. त्यांनी माझा घोडा उचलून एफ५ वर ठेवला आणि म्हणाले, “ही दहा मिनिटं मी एवढंच बघत होतो. हा इथे आला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.” मी त्या घराकडे एकदाही बघितलं नव्हतं. आम्ही तिथून डाव पुन्हा खेळलो, तीनदा, आणि तिन्ही वेळा पांढराच जिंकला.